वहाणा कोणी काढायच्या?

गोव्यात बेताळाला वहाणा वाहतात. आमोण्याचा ग्रामदेव बेताळच. बेताळ रात्री गावाची शीव फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या नव्या द्यायच्या, अशी श्रद्धा आहे. देवाच्या पायांची एवढी काळजी वाहणाऱ्या याच मुलखात माणसाच्या पायांचा नियम मात्र वेगळा होता. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, अंगणात शिरताना त्याच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराने पायांतले काढायचे, ओसरीखाली उभे राहायचे, मान खाली घालून बोलायचे. वरून 'तू' यायचे, खालून 'तुम्ही' जायचे. 'पूर्वी लोकांत काय अदब होती!' असे आज कोणी हळहळून म्हणाले, तर तो किंवा त्याचे वाडवडील ओसरीवर होते की ओसरीखाली, एवढे विचारून घ्यावे.

सौजन्य हरवल्याची तक्रार तशी नवी नाही. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवातच मूर्खलक्षणांनी केली. दोघे बोलत असतात तिथे तिसरा जाऊन बसतो, तो त्यांच्या लेखी मूर्ख. सतराव्या शतकातही असे तिसरे बरेच असावेत, एरवी त्याची नोंद कशाला झाली असती? या नियमाला हुद्दा लागत नाही, ही त्याची खुबी. बसणारा जमीनदार असो वा गडी, मूर्खपणा सारखाच.

मराठी लेखनातल्या सगळ्याच शिष्टाचारांबद्दल असे म्हणता येत नाही. पत्रांचे मायने घ्या. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, बरोबरीच्याला सप्रेम नमस्कार, आणि नवरा गेलेल्या बाईला गं. भा. पाकिटावरचे नाव वाचण्याआधी पोस्टमनलाही कळावे की ही विधवा. गंगाभागीरथी म्हणजे केवढा मान, असे समर्थन व्हायचे. विधुराला असे काही लावायचे मात्र कोणाला सुचले नाही. मान देण्याच्या नावाखाली माणसाला त्याची पायरी दाखवून देण्याचे याहून सोपे उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

पेडणे-डिचोलीच्या बोलीकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे कधी कधी याच पुस्तकी मापाने बघतात. इथला मुलगा बापाला 'तू' म्हणतो, काकाला 'तू' म्हणतो, शेजारच्या आजीलाही 'तू'च म्हणतो. पाहुण्याला ते खटकते. पण गाऱ्हाणे ऐकावे. गावाच्या वतीने एकजण देवापुढे उभा राहतो, त्याला 'महाराजा' म्हणतो आणि त्याच दमात 'तू' म्हणून गुराढोरांपासून परगावी गेलेल्या पोरांपर्यंत सगळ्यांचे मागणे मागतो. कोणाची चूकभूल झाली असल्यास पोटात घाल, असेही सांगतो. जमलेले 'व्हय महाराजा' म्हणतात. त्या 'तू'मध्ये आदर कमी आहे, असे ते ऐकणारा कोणी म्हणणार नाही. उलट विधानसभेत 'सन्माननीय' हे विशेषण लावून एकमेकांना काय काय ऐकवले जाते, हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले आहे.

एकतर्फी अदब फार साचली की तिला मोरी काढून द्यावी लागते, हे जुन्या समाजालाही ठाऊक होते. शिमग्यात शिव्यांना मोकळीक मिळाली ती उगाच नाही. जत्रेतल्या दशावतारात सुरुवातीला संकासुर येतो आणि थेट मालवणीत भटजीची टर उडवतो. पुढे राजे-ऋषी संस्कृतप्रचुर मराठीत एकमेकांना आदराने संबोधत राहतात, पण पोट धरून हसलेले असते ते संकासुरालाच. वर्षभर मान खाली घालून बोलणाऱ्यांना तेवढीच एक रात्र. तिला असभ्य म्हणणाऱ्यांनी उरलेल्या रात्रींचाही हिशेब मांडावा.

मोठ्यांपुढे गोड बोलण्याचा प्रश्न याच भागातल्या एका कवीने वेगळ्या तऱ्हेने सोडवला. अठराव्या शतकातले सोहिरोबानाथ आंबिये मूळचे पेडण्यातल्या पालयेचे, पुढे बांद्याचे. आख्यायिका अशी, की ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांनी त्यांना स्वतःच्या कविता दाखवल्या. दरबारी रीत वाहवा करण्याची. नाथांनी त्या कवितांत भक्ती नाही असे तोंडावर सांगितले आणि तुझी गरज नाही असे सुनावून ते निघाले. आख्यायिकेतला तपशील किती खरा हा भाग निराळा, पण गोमंतकाने ती दोनशे वर्षे आवडीने सांगितली. विरनोड्याचे सरकारी महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने चालते, म्हणजे उद्धट म्हणून त्यांना कोणी टाकलेले नाही.

ओसरीखालच्या माणसाला मात्र नाथांसारखे उठून चालते होण्याची सोय नव्हती, कारण त्याचे घर भाटकाराच्या जमिनीत होते. ते बदलायला कायदा लागला. भाऊसाहेब बांदोडकर 1963 च्या डिसेंबरात गोव्याचे मुख्यमंत्री झाले, 1964 मध्ये कूळ कायदा आला, 1975 मध्ये मुंडकाराला घरातून हुसकण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. कायद्यात 'नमस्कार कसा करावा' असे कलम नव्हते, पण डोक्यावरचे छप्पर पक्के झाल्यावर मान आपोआप वर येते. ज्यांना ती वर आलेली बघवली नाही, त्यांनी तिला उर्मटपणा म्हटले. जुन्या अदबीबद्दलची हळहळ बरीचशी तिथून सुरू होते.

मान वर केली की उर्मट ठरवतात, याचे एक उदाहरण गाण्यातले. आमोणकर हे आडनाव बेताळाच्या त्याच आमोण्याचे. गायिका किशोरी आमोणकरांना, म्हणजे किशोरीताईंना, ते लग्नानंतर मिळाले. त्यांच्या आई, गायिका मोगूबाई कुर्डीकर, सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या. मोगूबाईंना आयोजक कसे वागवत, प्रवासाची आणि राहण्याची सोय कशी हलकी असे, बिदागीत कशी कसर केली जाई, हे किशोरीताईंनी मुलाखतींतून वेळोवेळी सांगितले. ज्या घराण्यातल्या बायकांच्या गाण्यावर माना डोलवायच्या, त्यांनाच दिवाणखान्याबाहेर बरोबरीने वागवायचे नाही, ही त्या काळची 'सभ्यता' होती. किशोरीताईंनी ती चालू दिली नाही. नीट प्रवास, नीट खोली, गाण्याच्या वेळी शांतता, अशा अटी त्यांनी घातल्या. श्रोते कुजबुजू लागले तर त्या थांबत, सुनावत. वर्तमानपत्रांनी त्यांना तऱ्हेवाईक म्हटले, लहरी म्हटले. काही वेळा त्यांचा पारा खरोखरच गरजेपेक्षा चढत असेल. पण तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांना कलावंत बाईपुढे गप्प कसे बसायचे हे शिकवण्याचे काम पन्नास वर्षे कोणीतरी करत होते, आणि मोगूबाईंना 1974 मध्ये मिळालेल्या पद्मभूषणाने जे साधले नाही ते लेकीच्या या हट्टाने साधले. आजची गायिका मैफल ठरवताना राहण्या-जाण्याच्या सोयीची चौकशी सहज करते आणि त्याला कोणी नखरे म्हणत नाही.

इथपर्यंतची गोष्ट सांगताना गोमंतकीय वाचकाची छाती थोडी फुगेल. ती फुगू न देणारी गोष्ट आता. ज्या घरांतल्या आजोबांनी भाटकाराचे 'तू' ऐकले, त्याच घरांतली नातवंडे आज घाटापलीकडून आलेल्या मजुराला 'घाटी' म्हणतात. डिचोलीच्या बाजारात बापाच्या वयाच्या हमालाला 'ए' अशी हाक मारली जाते. सोसायटीत कचरा उचलणाऱ्या बाईला नाव असते, पण ते कोणाला माहीत नसते. उलट बाजूने, पर्यटक शॅकवरच्या वेटरला ज्या आवाजात बोलावतो त्याने आपला संताप होतो, आणि तो संताप रास्त आहे. फक्त तो आवाज आपल्याही घरात आहे. भाटकाराची ओसरी गेली, तरी एक पायरी वर चढून बोलायची सवय कायद्याने जात नाही. वरची पायरी ज्याला आयती मिळते तो ती वापरतो.

'घाटी' हा शब्द आपण प्रेमाने वापरतो, असा बचाव ऐकू येतो. भाटकारही मुंडकारावर प्रेमच करत असे, निदान त्याचे म्हणणे तसे होते.

याच मजुरांची मुले गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत बसतात. पुरेशी मुले नसल्याने बंद पडू पाहणाऱ्या कित्येक शाळांना त्यांचाच आधार आहे. हजेरीपटावर पोराचे नाव आडनावासकट लिहिलेले असते. त्याचा बाप रहिवासी दाखला मागायला पंचायतीत येतो, तेव्हा टेबलाच्या अलीकडे खुर्ची असते की नाही, आणि असली तर त्याला 'बस' म्हणतात की 'बसा', हे पुढच्या ग्रामसभेत कोणीतरी उभे राहून विचारायला हरकत नाही.