बाग सगळ्यांची, खेळ काहींचा? डिस्क गोल्फच्या मैदानावरून आपल्या तालुक्यांनी काय शिकावं

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे. लोकसंख्या २४ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढी. भोवती गवताळ टेकड्या, शेती आणि गुरांची चराई. बरीच वर्षं गावातल्या अनेक घरांची चूल मांसप्रक्रियेच्या एका मोठ्या कारखान्यावर पेटायची. २००८ साली टायसन कंपनीने तिथली जनावरांची कत्तल बंद केली आणि सुमारे १,५०० जणांचं काम गेलं. उरलेला कारखानाही २०२५ च्या सुरुवातीला बंद झाला. आणखी आठशेवर लोक घरी बसले.

हेच गाव आज जगभर ओळखलं जातं ते एका खेळामुळे. डिस्क गोल्फची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१६ साली इथे झाली, २०२२ साली पुन्हा झाली. आणि यासाठी स्टेडियम बांधावं लागलं नाही. गावातली सार्वजनिक उद्यानं आणि आधीपासून असलेला गोल्फ क्लब, एवढ्यावर काम भागलं.

ग्रामीण महाराष्ट्राचा या खेळाशी थेट संबंध नाही. पण सार्वजनिक जागेत खेळाची सोय केली की पुढे तिचं काय होतं, हा प्रश्न तर आपल्या प्रत्येक तालुक्यात आहे. म्हणून हे प्रकरण नीट बघण्यासारखं आहे.

खेळ आहे तरी काय?

नाव गोल्फचं असलं तरी यात काठी नाही, चेंडू नाही आणि जमिनीत खड्डाही नाही. मुलं खेळतात त्या फ्रिस्बीसारखी, पण थोडी लहान, जड आणि काठाला धारदार अशी प्लॅस्टिकची चकती असते. वजन साधारण १५० ते १८० ग्रॅम. ठरलेल्या ओट्यावरून ती फेकायची. लांबवर लोखंडी खांबाला टोपली बसवलेली असते आणि टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. चकती साखळ्यांना लागून टोपलीत पडली की तो टप्पा संपला. कमीत कमी फेकीत जो सगळे टप्पे पूर्ण करेल तो जिंकला. टप्पे बहुतेक ठिकाणी ९ किंवा १८ असतात.

पहिल्यांदा खेळणाऱ्याची फजिती ठरलेली. लांब जायला हवी ती चकती वळून झुडपात शिरते आणि मग तिला शोधण्यातच निम्मा वेळ जातो. गोफण फिरवणाऱ्याला जशी सुटीची वेळ साधावी लागते, तशीच इथेही मनगटाची वेळ साधावी लागते. नुसती ताकद लावून भागत नाही. म्हणून दहा वर्षांची मुलगी आणि साठीतले आजोबा एकाच डावात खेळू शकतात. लांब फेकायची चकती वेगळी, टोपलीजवळून टाकायची वेगळी. पण नवख्याला एकीवरही भागतं, आणि ती दहा ते वीस डॉलरला मिळते. अठरा टप्प्यांचा डाव दीड-दोन तासांत होतो आणि तेवढ्यात दोन-तीन किलोमीटर चालणं आपोआप घडतं.

जगातलं पहिलं कायमस्वरूपी मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह या सार्वजनिक उद्यानात झालं. ते उभं करणारे एड हेड्रिक फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत काम केलेले गृहस्थ. सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. मग चकती खांबाला लागली की नाही यावरून भांडणं व्हायची. त्यावर तोडगा म्हणून हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली शोधून काढली आणि तिचं पेटंट घेतलं. आज ठिकठिकाणी त्याच धर्तीची टोपली दिसते.

स्वस्तात होतं, म्हणून पसरतं

जगभरात अशी मैदानं आता १५ हजारांच्या वर गेली आहेत आणि त्यातली बहुतेक फुकट खेळता येतात. ना तिकीट, ना सभासदत्व. कारण सरळ आहे. एका चांगल्या टोपलीला साधारण चार-सहाशे डॉलर लागतात. टोपल्या, ओटे आणि पाट्या धरूनही अठरा टप्प्यांचं मैदान एका टेनिस कोर्टापेक्षा स्वस्तात उभं राहू शकतं. साध्या गोल्फला शंभर एकरांच्या वर जमीन आणि रोजचं पाणी लागतं. इथे वीस-तीस एकरांत काम होतं, हिरवळीला पाणी पाजावं लागत नाही, चढ-उतार आणि झाडं असतील तर खेळाला उलट मजा येते. म्हणजे दुसऱ्या कशालाही न चालणारी माळाची, उताराची जमीनही चालते.

२०२० साली करोनात जिम आणि बंदिस्त मैदानांना कुलपं लागली, तेव्हा या खेळाकडे लोक लोटले. उघड्यावर, अंतर राखून खेळता येणारा खेळ म्हणून अनेक नगरपालिकांनी नवी मैदानं टाकली. २०२१ साली पॉल मॅकबेथ या खेळाडूने एका चकती कंपनीशी दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला. पन्नास वर्षांपूर्वी खांबाला चकती लागली की नाही यावर भांडणाऱ्या खेळात एवढा पैसा आला, ही बातमी तेव्हा बरीच गाजली.

मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे जागेची. उद्यान मोकळं दिसतं म्हणून ते रिकामं असतंच असं नाही. तिथे सकाळी म्हातारी माणसं फिरतात, बाया गप्पा मारत बसतात, पोरं सायकली चालवतात, कुणी कुत्रं घेऊन येतं. त्यात वेगाने उडणारी, कडक प्लॅस्टिकची चकती आली की धोका येतोच. चकती माणसाच्या दिशेने गेली तर खेळाडूने ओरडून सावध करायचं आणि रस्त्यावरून कुणी जात असेल तर आधी त्याला जाऊ द्यायचं, असा या खेळाचा शिरस्ता आहे. पण शिरस्ता माहीत असलेला खेळाडू आणि काल पहिल्यांदा चकती विकत घेतलेला पोरगा यांत फरक पडतो. म्हणून मैदान आखतानाच फेकीची दिशा पायवाटेपासून, बाकड्यांपासून, खेळण्यांपासून दूर ठेवावी लागते. टोपल्या नंतर रोवल्या तरी चालतील, आखणी आधी हवी.

दुसरी अडचण जमिनीची आहे. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ओढ्याकाठच्या पीझ पार्कमध्ये अनेक वर्षं लोकप्रिय मैदान होतं. गर्दी इतकी वाढली की पायाखालचं गवत गेलं, माती उघडी पडली, पावसात ती ओढ्याकडे वाहू लागली आणि झाडांना इजा झाली. शेवटी २०११ साली ते मैदान बंद करून शहरातल्या दुसऱ्या उद्यानात नवं करावं लागलं. खेळाडू नाराज झाले, फिरायला येणारे खूश झाले. दोन्हीकडचे लोक त्याच गावचे आणि कर भरणारे. खेळ वाईट होता असं कुणी म्हणत नव्हतं. एकाच ठिकाणी किती पावलं पडणार याचा हिशेब मात्र सुरुवातीला झालेला नव्हता.

फिनलंडने काय केलं

फिनलंडची लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास आहे. तिथे या खेळाची सुमारे एक हजार मैदानं आहेत. म्हणजे सरासरी साडेपाच हजार माणसांमागे एक. मोठ्या शहरांपुरतं हे नाही, लहान लहान गावांतही टोपल्या लागल्या आहेत. हिवाळ्यात बर्फावरही लोक खेळतात.

यामागे खेळाचं वेड आहेच, पण कायदाही आहे. फिनलंडच्या २०१५ च्या क्रीडा कायद्यानुसार रहिवाशांना हालचाल-व्यायामाची संधी मिळेल अशी परिस्थिती गावात निर्माण करणं ही स्थानिक पालिकेची जबाबदारी आहे. सोय करून द्यायची म्हटल्यावर कमी खर्चात जास्त लोकांना पुरणारी गोष्ट पालिका शोधणारच. त्यात हा खेळ नेमका बसला. जमीन पालिकेची, आणि गवत काढणं, वाकलेली पाटी सरळ करणं, नवख्यांना शिकवणं यात स्थानिक क्लबची माणसं हात लावतात. पालिका आणि क्लब यांची ही जोडी नसेल तर टोपली लोखंडाचा खांब होऊन उभी राहते.

एम्पोरियाची बाजू

एम्पोरियातही हेच घडलं. २००५ साली तिथल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने चकत्या विकण्याचा छोटा धंदा सुरू केला. पुढे त्याची डायनॅमिक डिस्क्स ही कंपनी झाली आणि ती गावातच राहिली. दर वर्षी गावात मोठी स्पर्धा भरू लागली. काही वर्षी तिला हजाराच्या वर खेळाडू आले. ते गावातच राहणार, गावातच जेवणार, गाडीत पेट्रोल गावातच भरणार. लॉज, खानावळी, दुकानं यांना त्या आठवड्यात धंदा होतो.

गावातल्या पीटर पॅन पार्कमध्येही या खेळाचं मैदान आहे. त्या उद्यानाची जमीन ‘एम्पोरिया गॅझेट’ या गावच्या वर्तमानपत्राचे संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांनी दिलेली. १९२१ साली त्यांची किशोरवयीन मुलगी मेरी वारली, तिच्या स्मरणार्थ. शंभर वर्षांपूर्वी एका बापाने गावाला दिलेली जागा गावाने विकली नाही, तिच्यावर गाळे काढले नाहीत, म्हणून आज तिथे टोपल्या लावता आल्या.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. खेळाने कारखान्याची जागा भरून काढलेली नाही. चकती कंपनी आणि आठवडाभराची स्पर्धा मिळून शेकडो घरांचा बारमाही पगार निघत नाही. खेळ-पर्यटनाने गाव तरेल असं कुणी पुढारी सांगत असेल तर एम्पोरियाचं उदाहरण त्याच्या बाजूने पूर्ण उभं राहत नाही. गावाला ओळख मिळाली, चार पैसे फिरले, तरुणांना गावात थांबायला एखादं कारण मिळालं. एवढंच, आणि तेही थोडकं नाही.

आपल्याकडे बघितलं तर

आता आपल्या गावात या. ग्रामपंचायतीच्या आवारात, देवळामागे किंवा तलावाकाठी ओपन जिम बसलेली असते. उद्घाटनाला नारळ फुटतो, फोटो निघतो, पाटीवर नावं लागतात. वर्ष-दीड वर्षात एखाद्या यंत्राचं बेअरिंग जातं, पायडल तुटतं, खाली गाजरगवत वाढतं. दुरुस्ती कुणी करायची हे कागदावर कुठंच नसतं. ठेकेदार म्हणतो मुदत संपली, पंचायत म्हणते निधी नाही.

तालुका क्रीडा संकुलांचीही बऱ्याच ठिकाणी हीच तऱ्हा. २०२२ साली राज्य सरकारने तालुका संकुलासाठीची अनुदान मर्यादा एक कोटीवरून पाच कोटी केली. पैसा वाढला हे चांगलंच झालं. पण भिंत, गेट आणि प्रेक्षागृह बांधायला निधी मिळतो, रोज सकाळी गेट उघडणारा माणूस कुठून येणार हा प्रश्न उरतोच. दुसरीकडे तालुक्याच्या गावी खासगी टर्फ निघालेत. तिथे तासाचे पैसे मोजून पोरं रात्री क्रिकेट खेळतात. ज्याच्या बापाकडे पैसे आहेत तो खेळतो, बाकीचे कंपाउंडच्या जाळीला टेकून बघतात. मुलींचा तर विषयच वेगळा. भरवस्तीत, उजेडात, फुकट अशी जागा असेल तरच त्या बाहेर पडतात.

याचा अर्थ उद्या प्रत्येक गावाने साखळ्यांच्या टोपल्या मागवाव्यात असा अजिबात नाही. आपल्याकडे कबड्डी आहे, खो-खो आहे, आट्यापाट्या आहेत, विटीदांडू आहे. यांना डिस्क गोल्फहूनही कमी खर्च येतो. घ्यायची आहे ती पद्धत. पुढच्या ग्रामसभेत खेळाच्या साहित्याचा विषय आला तर गावकऱ्यांनी चार प्रश्न विचारावेत. ही जागा सध्या कोण वापरतं, आणि त्यांचं काय होणार? पावसाळ्यात इथल्या मातीचं काय होईल? दुरुस्तीसाठी दर वर्षी किती रक्कम बाजूला ठेवली आहे? आणि गावातल्या कोणत्या मंडळाने, कोणत्या शाळेने देखभालीची जबाबदारी लेखी घेतली आहे?

चारही उत्तरं मिळाली तर काम जरूर व्हावं. चौथ्या प्रश्नाला सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले, तर नारळ फोडायची घाई करू नये. सामान तालुक्याच्या दुकानातून कधीही आणता येईल, सांभाळणारं मंडळ आधी गावात तयार व्हायला हवं.