लहरी कुणाच्या बापाच्या?

मी गोदीतला कामगार. मॅट्रिक झालेला. कविता लिहितो. या अंकाचं संपादकीय मी रेडिओवर लिहिणार म्हणालो, तेव्हा टोळीतली पोरं हसली. 'रेडिओवर काय लिहायचं? तो ऐकायचा असतो.' मित्रांनो, दुखणं नेमकं हेच आहे. शंभर वर्षं झाली, आपण ऐकतोय. बोलतंय कोण?

१४ एप्रिल १९४४. ही तारीख तुम्हाला समजावून सांगायला नको. त्या दिवशी, जयंतीच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकाच पोटात भरलेल्या. अर्ध्या तासानं दुसरा स्फोट. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकाला कळला. शेकडो माणसं मेली. माझा पणजा रात्रपाळीला होता, म्हणून आज मी आहे.

तेव्हा मुंबईत रेडिओ केंद्र होतं. पण सविस्तर बातमी दुसऱ्या दिवशी जगाला दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं. इथं युद्धाचा सेन्सॉर. वार्ताहरांना बाहेर बातमी धाडायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. मेलेले आपले, धूर आपल्या डोक्यावर, आणि तोंड दुसऱ्याच्या मालकीचं.

म्हणून मी या मुंबई केंद्राचा सातबारा काढला. कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेलं ते पाहिलं.

पहिली नोंद जून १९२३. रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी या शहरातून कार्यक्रम हवेत सोडला. साहेबांची आणि शेठजींची हौस. क्लबचं नाव कुलाब्याला अजून आहे. दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९२३ मध्ये, मुंबईच्याच कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला : सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. दोन्ही गोष्टी एकाच शहरात. एक हवेची, एक पाण्याची. ध्यानात ठेवा, पुढं लागतील.

दुसरी नोंद २३ जुलै १९२७. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. व्हाइसरॉय आयर्विननं उद्घाटन केलं. दीड किलोवॅटचं यंत्र. ऐकायचं तर वर्षाला दहा रुपयांचा परवाना, सेटची किंमत वेगळी. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडला तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. कंपनी तीन वर्षांत बुडाली. तळं बुडालं नाही.

तिसरी नोंद १ एप्रिल १९३०. सरकारनं बुडालेलं केंद्र ताब्यात घेतलं. १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ असं बारसं झालं. १९४७ मध्ये साहेब गेला, पण खुर्ची तशीच राहिली. पुरावा पायजे? १९४० मध्ये या रेडिओनं पेटीला बंदी घातली. हार्मोनियम! तिच्या सुरांना म्हणे शास्त्रीय संगीताच्या श्रुती पेलत नाहीत. साहेबाच्या अमलात घातलेली बंदी स्वराज्यातही चालली, ती थेट १९७१ पर्यंत. जी पेटी आपल्या जलशात ढोलकीच्या बाजूला बसून रात्र रात्र वस्त्या जाग्या ठेवत होती, ती सरकारच्या दारात विटाळ ठरली. माणसाला शिवता येईना म्हणून सुराला शिवाशिव लावली.

आता म्हणाल, सरकारी रेडिओवर बाबासाहेबही बोलले की. बोलले. ३ ऑक्टोबर १९५४ ला त्यांनी आपलं तत्त्वज्ञान सांगितलं : स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द मी फ्रेंच क्रांतीकडून उसने आणलेले नाहीत, बुद्धाकडून घेतलेत. पण तिथवर पोचायला बाबासाहेब व्हावं लागतं. गोदीतल्या बाबूला कोण बोलावणार?

आणि हेही खरं, की मालक कायम दगडाचा नसतो. १९५२ नंतर मंत्री केसकरांनी सिनेमाच्या गाण्यांना आकाशवाणीवर जवळजवळ दार लावलं. लोकांनी मोर्चा काढला नाही, खटखटी फिरवली. घराघरांत, इराणी हॉटेलांत सिलोन वाजायला लागलं. १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. ऐकणारा उठून गेला की मालक हलतो. एवढी ताकद आपल्यात होती. पण तिनं फक्त गाणी मिळाली, माईक नाही मिळाला.

९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला : लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. १९९७ मध्ये रेडिओ सरकारी खात्यातून प्रसारभारतीच्या नावावर गेला. लोकांची मालमत्ता म्हणाले ना? मग २००० मध्ये लोकांच्या हवेचा लिलाव मांडला. बोली कोटींची. ज्याच्याकडं कोटी, तो लोक! बातम्यांवर मात्र सरकारचा अंगठा कायम. खाजगी एफएमला २०१९ मध्ये परवानगी मिळाली, तीही आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा वाजवायची. म्हणजे गाणी शेठची, बातमी सरकारची, आणि आपण ट्रॅफिकमध्ये उभे.

मी एकदा एका केंद्रावर कविता घेऊन गेलो होतो. कोणत्या, ते सोडा. बाई चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, 'भाषा जरा शुद्ध करून आणा.' मी खाली उतरलो, वडापाव खाल्ला, आणि तीच कविता रात्री टोळीला वाचून दाखवली. कुणी शुद्ध मागितली नाही.

आता ते पाणी आठवा. बोल्यांचा ठराव १९२३ चा. महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं १९२४ मध्ये. कागदावर. १९२७ पर्यंत त्या पाण्याला हात कुणी लावला? मग हजारोंनी चालत जाऊन लावला, डोकी फुटली तरी लावला. १९९५ चा निकाल हा हवेतला बोले ठराव आहे. त्याला आजवर महाड झालेलं नाही.

एकदम झालेलं नाही असंही नाही. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर आहे. तिथं गावच्या दलित बायांनी संघम रेडिओ चालवला. परवाना नव्हता तेव्हा वर्षानुवर्षं त्या कॅसेटी भरून संघमच्या बैठकांत वाजवत होत्या. २००६ मध्ये सामुदायिक रेडिओ संस्थांना खुला झाला आणि १५ ऑक्टोबर २००८ ला त्या हवेत गेल्या. बियाणं, पाऊस, बाळंतपण, सगळं आपल्या तेलुगूत. परवाना संस्थेच्या नावावर, पण आवाज शेतात राबणाऱ्या बाईचा.

कुणी म्हणेल, आता मोबाईल आहे, चॅनेल काढ. काढा, जरूर काढा. पण त्याचाही सातबारा बघा. तिथला मालक तर या देशातसुद्धा राहत नाही. बटण त्याचं, कधीही बंद करील.

आणि स्वतःलाही विचारू. आपल्या जयंतीच्या स्टेजवर माईक कुणाच्या हातात असतो? ज्या माउलींनी वर्गणी काढली, त्या कितीदा बोलल्या? पस्तापूरच्या बायांपुढं आपलीही मान खाली जाते.

म्हणून कामाचं बोलतो. सामुदायिक रेडिओला नोंदलेली, तीन वर्षं जुनी संस्था लागते. आपल्या वस्त्यांत अशा संस्था आहेत, लेटरहेडवर धूळ खातायत. एकीनं तरी अर्ज करावा. नाकारला तर नकार लेखी मागावा आणि इथं छापावा. तोवर पस्तापूरची वाट धरा. गोदीतून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्यांचे, आपल्या आयांचे आवाज आत्तापासून भरून ठेवा. माझ्या पणज्याचा आवाज कुणीच भरून ठेवला नाही. चौरेचाळीसची गोदी मला कागदातून शोधावी लागली.

तळ्याला कुंपण होतं, तरी हात घातला. हवेला तर कुंपणही दिसत नाही.