सुट्टीत पुस्तकांच्या कपाटाला कुलूप नको

वार्षिक निकाल हातात पडला की आपली प्राथमिक शाळेतली मुलं दीडएक महिना मोकळी होतात. विदर्भात शाळा जूनअखेरीला भरतात, तिथं आणखी थोडी जास्त. ही मोकळीक मुलांच्या हक्काची आहे. सकाळी क्लास, संध्याकाळी शिबिर आणि पुढच्या इयत्तेची पुस्तकं आधीच उरकायचा घाट, हे मला तरी जुलूमच वाटतं. पण पहिली ते चौथीच्या वयात वाचन अजून मुरलेलं नसतं. जोडाक्षरं नुकती जमू लागलेली, हातच्याची वजाबाकी चाचपडत चाललेली. एवढे दिवस काहीच वाचलं नाही, तर जूनमध्ये मूल पुन्हा एकेक अक्षर लावत बसतं आणि वर्गाचे पहिले काही आठवडे मागचंच गिरवण्यात जातात.

हे टाळायला रोजचा अर्धा तास पुरतो. मुलानं मोठ्यानं वाचावं आणि घरातल्या कुणीतरी ऐकावं. ऐकणाऱ्याला वाचता येत नसलं तरी अडत नाही. ‘मग पुढं काय झालं? तो असा का वागला?’ असं विचारणारी आजी यासाठी उत्तम. मूल अडखळलं तर लगेच शब्द सांगू नका, त्याला जुळवू द्या. आणि चुकलं म्हणून रागावू नका. रागावलात तर दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन तुमच्याकडं फिरकणार नाही. पुस्तक इयत्ता बघून नको, झेपेल ते द्या. तिसरीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक जमत असेल तर तिथूनच सुरुवात करा, त्यात लाज कसली? इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या आईबाबांनी तर मराठी वाचनासाठी ही सुट्टी सोडूच नये.

पुस्तकं विकतच आणायला हवीत असं नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा आहेत, त्याही वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या. फक्त फोनवर वाचायचं असेल तर शेजारी बसा, नाहीतर गोष्ट संपायच्या आत रील सुरू होतात.

गणिताला सुट्टीत वही लागत नाही. मामाच्या गावाला एसटीनं निघालात तर तिकिटाचा हिशेब मुलाकडं द्या. बाबांना पूर्ण तिकीट, आईला आणि आजीला २०२३ पासून निम्मं, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना काहीच नाही. कंडक्टरच्या मशीनमधून तिकीट निघायच्या आत एकूण आकडा आला पाहिजे! दुपारी कवड्यांचा पट किंवा ‘नवा व्यापार’ मांडा. बँक मुलाकडं द्या आणि तुम्ही मुद्दाम सुटे मागा.

मे महिन्यात विज्ञानही अंगणात येतं. सूर्य बरोबर डोक्यावर आला की सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापुरात हे ६-७ मेच्या सुमारास घडतं, पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ मेला आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. तेही घड्याळात बाराच्या ठोक्याला नव्हे. पुण्यात साडेबारा होतात, नागपुरात बारा वाजून दहाएक मिनिटं. आठवडाभर आधीपासून रोज त्या वेळी खडूनं सावलीचं टोक आखायचं, पट्टीनं मोजायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. काम दोन मिनिटांचं आहे, तरी डोक्यावर टोपी हवी. सावली का आखडते ते तुम्हाला सांगता आलं नाही तरी बिघडत नाही, दोघं मिळून शोधा. पावसाळ्यात हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं.

आता ज्या मुलांची आठवण सहसा कुणाला होत नाही, त्यांच्याबद्दल. ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर फडावर जातात आणि गाळप संपलं की मार्च-एप्रिलमध्ये परततात. बाकीच्यांची सुट्टी लागते तेव्हा यांचं निम्मं वर्ष बुडालेलं असतं. बीड, धाराशिवकडच्या गावांमधल्या कॉलेजच्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: आपल्या गल्लीतली अशी चार-पाच मुलं गोळा करा, सकाळी उन्हं चढायच्या आत पारावर किंवा समाजमंदिरात तासभर बसा. फळा नसला तरी चालेल. गोष्ट वाचून दाखवा, मग त्यांच्याकडून वाचून घ्या. तुमचा एक तास या मुलांना कुठल्याही महागड्या शिबिरापेक्षा जास्त देईल.

आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. शाळेतली गोष्टींची पुस्तकं फाटतील, हरवतील म्हणून सुट्टीभर कपाटात कुलूपबंद राहतात. दोन-चार फाटतील, एखादं हरवेलही. फाटलेलं पुस्तक निदान कुणीतरी वाचलेलं असतं. तेव्हा वहीत नावं लिहा आणि सुट्टी लागण्याआधी एकेका मुलाच्या हातात दोन-दोन पुस्तकं देऊन टाका.