घासूनपुसून नवे?

जुन्या संगीताच्या सीडीवर ‘रीमास्टर्ड’ अशी अक्षरे दिसली की आपला हात नकळत खिशाकडे जातो. जे मळके होते ते आता लख्ख झाले, असाच आपण त्या शब्दाचा अर्थ घेतो. माझे म्हणणे असे की, हा शब्द गुणवत्तेचा दाखलाच नव्हे. मूळ ध्वनिफितीवरून कोणीतरी पुन्हा एकदा हात फिरवला, एवढेच तो सांगतो. तो हात कोणाचा, कोणत्या साली फिरला आणि कोणत्या फितीवर फिरला, हे कळेपर्यंत त्या अक्षरांसाठी चार पैसे जास्त मोजू नयेत.

‘जॅझ आणि रॉकचा तुझ्याशी संबंध काय?’ असे कोणी विचारील. विचारोत बापडे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे अशा प्रश्नांची सवय आहे. आईचा प्रश्न मात्र याहून अवघड असतो : “तेच गाणं घरात असताना पुन्हा तेच कशाला आणलंस?” जुन्या बाजारातली सीडी स्वस्त असली तरी फुकट नसते, तेव्हा उत्तर देणे मला भागच आहे.

उत्तर असे की, ते ‘तेच’ नसते. मराठीच्या तासाला आपण पाठभेद शिकतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत भेद पडले म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध केला, हे परीक्षेत लिहितो. मग ध्वनिमुद्रणात पाठभेद पडत नाहीत, असे आपण का धरून चालतो?

माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. १९५९ च्या २ मार्चला न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत तिच्या पहिल्या बाजूच्या तीन रचना मुद्रित झाल्या. त्या दिवशी मुख्य यंत्र किंचित हळू चालत होते. हळू चाललेल्या यंत्रावरची फीत योग्य गतीने वाजवली की सूर चढतो. त्यामुळे तीस वर्षांहून अधिक काळ साऱ्या जगाने त्या रचना थोड्या चढ्या सुरात ऐकल्या. तबकडीबरोबर वाजवू पाहणाऱ्याचे वाद्य जुळणार कसे? सुदैवाने त्याच वेळी दुसरे यंत्र राखीव म्हणून चालू होते व त्याची गती बरोबर होती. १९९० नंतरच्या दशकात ती राखीव फीत वापरून चूक दुरुस्त झाली. येथे नव्या प्रतीला शंभर गुण द्यावेत. ही खरी पाठशुद्धी.

आता दुसरी बाजू. ‘द स्टूजेस’ या अमेरिकन रॉक मंडळींची ‘रॉ पॉवर’ १९७३ ची. तिचे मिश्रण बव्हंशी डेव्हिड बोवी याने केले होते. ते पातळ झाले, अशी तक्रार वर्षानुवर्षे होती. १९९७ मध्ये गायक इगी पॉप याने स्वतः नवे मिश्रण केले आणि आवाज इतका वर नेला की तो फाटू लागला. पुढे २०१० मध्ये बोवीचे मिश्रण पुन्हा बाजारात आले! हे नुसत्या रीमास्टरच्या पुढचे काम, पण प्रश्न तोच. खुद्द कर्त्याने केलेला बदल आपोआप श्रेष्ठ ठरतो काय? मला तरी तसे वाटत नाही. ‘रश’ने २००२ मधली आपली ‘व्हेपर ट्रेल्स’ २०१३ मध्ये नव्याने मिश्रण करून काढली, कारण आधीची आवाजाच्या हव्यासापायी चेपली गेली होती.

हा हव्यास समजून घेतला पाहिजे. सीडी १९८२ मध्ये आली. सेकंदाला ४४,१०० वेळा, प्रत्येक वेळी १६ बिटांत ती आवाजाचे माप लिहिते. म्हणजे तिला वरचे छत आहे. छताला टेकल्यावर आवाज आणखी मोठा करायचा तर उपाय एकच : शिखरे दाबा आणि खालचे सारे वर उचला. मग ड्रमचा ठोका आणि त्यामागची कुजबुज एकाच उंचीची होतात. वक्तृत्व स्पर्धेत पहिल्या वाक्यापासून किंचाळणारा स्पर्धक आठवा. पाचव्या मिनिटाला त्याच्या किंचाळण्यालाही अर्थ उरत नाही. सीडीत हळू आणि मोठ्या आवाजातले प्रचंड अंतर मावते, आणि कंपन्यांनी नेमके तेच वाया घालवले.

फसवणूक होते ती येथेच, कारण दोन प्रतींपैकी जरा मोठ्याने वाजणारी कानाला प्रथम सरस वाटते. म्हणून तुलना करताना नव्या प्रतीचा आवाज उतरवून जुनीच्या बरोबरीला आणावा. माझ्याकडे जुना डीव्हीडी प्लेअर आणि साधा हेडफोन आहे. धाकटी बहीण मला न सांगता सीडी बदलते आणि मी फक्त कोणती बरी ते सांगतो. असे केल्यावर ‘लख्ख’ प्रतींचा निम्मा तोरा उतरतो.

लाखाची यंत्रे असल्याशिवाय असे बोलू नये, असे सांगणारे रसिकही भेटतात. त्यांना २०२२ ची हकिकत सांगावी. निव्वळ अ‍ॅनालॉग समजून अनेकांनी डोक्यावर घेतलेल्या मोबाइल फिडेलिटीच्या महागड्या तबकड्यांत मध्ये एक डिजिटल पायरी होती, हे त्या वर्षी उघड झाले. तोवर कित्येक वर्षे उंची यंत्रांवर त्या ऐकल्या गेल्या होत्या. ते अमुक कानांनी पकडले, असे काही झाले नाही!

माझी मागणी साधी आहे. पुस्तकावर आवृत्ती आणि संपादक छापतात, तसे सीडीवर फीत कोणती, साल कोणते व काम कोणाचे हे ठळक छापावे. आणि जुन्या सीडी रद्दीत काढू नयेत. मोबाइलवर ऐकू गेले तर अनेकदा नवी आवृत्तीच समोर येते आणि जुनी शोधूनही सापडत नाही. मग ताडून पाहायचे कशाशी?

‘रॉ पॉवर’ची १९९७ ची प्रत माझ्याकडे आहे. २०१० ची अद्याप हाती लागलेली नाही. कोणाकडे असल्यास दोन दिवसांसाठी द्यावी, सुखरूप परत करीन.