पायाला कागद, चाकाला रान

सरपणाची मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईला गार्ड अडवतो. कोयता हिसकावतो, मोळी फेकायला लावतो. याचं नाव वनगुन्हा. त्याच रानात रविवारी शहरातल्या जीपा घुसतात. ओढे तुडवतात, उतार चिरतात. याचं नाव ॲडव्हेंचर.

दोस्तांनो, कुठला खेळ आणि कुठला गुन्हा, हे ठरवतो कोण?

1927 चा वन कायदा गोऱ्या साहेबाचा. राखीव जंगलात नुसतं शिरणंही त्यात गुन्हा. तो चाकालाही लागू आहे, पण बडगा पडतो पायावर. 2006 साली वनहक्क कायदा आला. जो अनुसूचित जमातीचा नाही, म्हणजे वनजमीन कसून खाणारा आपला बौद्ध, मातंग, त्यानं तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य शाबीत करायचं. ज्याच्या आज्याचं नाव सातबाऱ्यावर कुणी चढू दिलं नाही, त्यानं कागद कुठून आणायचा? जीपवाल्याला एका पिढीचाही पुरावा लागत नाही.

चाकाखाली माती दबते. दबलेली माती पाणी पीत नाही. पाणी चाकोरीतून धावतं, चाकोरीची घळ होते, गाळ ओढ्यात उतरतो. खाली वाडीत ते गढूळ पाणी भरणारी कोण? तीच, मोळीवाली.

31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिचे पाच बछडे अडवून धरले. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. निलंबन झालं ते ड्रायव्हर-गाईडांचं. चूक त्यांची होतीच. पण पोट त्यांचंच मारलं गेलं. मागच्या सीटवर पैसे मोजून बसलेल्याची भाकरी त्यानं बुडत नाही.

अमेरिकेचा निक्सन काही गरिबांचा कैवारी नव्हता. तरी 1972 साली त्यानं हुकूम काढला, की सरकारी जमिनीवर अशा गाड्या कुठे चालतील ते नेमून द्या. 2005 साली तिथल्या वनखात्यानं नियम केला: नेमलेल्या वाटा आणि जागा सोडून चाक बंद. मग इथेच काय अडलंय?

आम्ही म्हणतो, नेमलेल्या वाटेबाहेर चाक नको. वाट ठरवताना ग्रामसभेला विचारा. दंड मालकाकडून घ्या, नुसत्या ड्रायव्हरकडून नको. बाळंतिणीची, वणवा विझवणाऱ्यांची गाडी तेवढी सोडा. आणि मोळीवर हात टाकू नका.

आपल्यातली हप्त्यावर बाईक घेऊन डोंगरात चिखल उडवायला जाणारी पोरंही यातून सुटत नाहीत. गड्या, तुझी आजी त्याच वाटेनं मोळी आणायची.

'रान सार्वजनिक आहे' असं सांगतात. महाडचं तळंही कागदावर सार्वजनिकच होतं. 1927 साली आपण तिथं जाऊन पाण्याला हात लावला, तेव्हा त्या शब्दाला अर्थ आला. रान सार्वजनिक म्हणजे ज्याच्या बापाची गाडी, त्याचं नव्हे.