पट्टी काय म्हणते तेही ऐका

साहित्याची विद्यार्थिनी शॉट पीनिंगवर का लिहिते आहे, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं झालं, की मावसभावाचा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट रिपोर्ट इंग्रजी तपासायला माझ्याकडे आला, आणि माझे पप्पा इथे बेळगावला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तेच मशीन चालवतात. रिपोर्टात स्प्रिंग स्टीलच्या तुकड्याचं रंगीत चित्र होतं, वर निळं, खाली हिरवं. पप्पांनी ते नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ह्यात फुटलेल्या गोळ्या कुठं आहेत रे?"

दादाकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारायला हवा.

पीनिंग म्हणजे गंज काढणं नव्हे, ते ब्लास्टिंग. पीनिंगमध्ये पोलादाच्या बारीक गोल गोळ्या वेगाने पृष्ठभागावर मारतात. प्रत्येक गोळी छोटा खळगा पाडते आणि वरचा थर कायमचा ताणला जातो. खालचा धातू मात्र ताणला गेलेला नसतो, तो वरच्याला मूळ मापात ओढून धरतो. त्यामुळे वरचा थर दाबाखाली राहतो. पुस्तकात ह्याला 'अवशिष्ट प्रतिबल' म्हणतात, कारखान्यात कुणीही म्हणत नाही. (शब्द वाईट नाही, पण कामावरून आलेला नाही.) थकव्याची चीर बहुतेकदा पृष्ठभागावर सुरू होते आणि खेचल्यावर उघडते. हा दाब तिला मिटवून धरतो. स्प्रिंग, गिअर, विमानाचे भाग ह्या जेमतेम काही दशांश मिलिमीटरच्या थरावर जास्त टिकतात.

आता मॉडेल. दादाच्या मॉडेलमध्ये सगळ्या गोळ्या एकाच मापाच्या, एकाच वेगाच्या आणि ठरलेल्या जागी पडणाऱ्या. चर्चमध्ये कम्युनियनच्या रांगेत लोक उभे राहतात तशा. मशीनमध्ये असं काही नसतं. गोळ्या कुठेही पडतात. एका फेरीत निम्मा पृष्ठभाग झाकला गेला, तर दुसऱ्या फेरीत उरलेल्याचा निम्मा, म्हणजे एकूण 75 टक्के, तिसरीत 87.5. शंभर कधी होतच नाही, म्हणून 98 टक्क्यांना पूर्ण मानतात. शिवाय गोळ्या झिजतात, फुटतात. फुटलेल्या गोळीची धार पृष्ठभागावर ओरखडा काढते, आणि जी चीर थांबवायची तिलाच जागा मिळते. म्हणून तर पप्पा गोळ्या चाळत बसतात.

आणखी एक गोष्ट मला खटकली. दादाने दाबाचा आकडा एका खळग्याच्या बरोबर खालून घेतला आणि तो क्ष-किरणांच्या मोजणीशी ताडून पाहिला. पण क्ष-किरण एका बिंदूचं मोजतच नाहीत, त्या ठिपक्यात येणाऱ्या कित्येक खळग्यांची सरासरी देतात. मग मॉडेलमधूनही सरासरीच काढायला नको का? आकडे जुळले तरी ती जुळणी कशाची?

मॉडेल नकोच, असं मी म्हणत नाही. क्ष-किरणांनी खोलवरचं मोजायचं तर एकेक थर काढत जावं लागतं, म्हणजे तो नमुना गेलाच. मॉडेलमध्ये फुकट आत डोकावता येतं. पण त्याला साक्षीदार हवा, आणि तो साधा आहे. जनरल मोटर्समधल्या जॉन आल्मेन यांच्या नावाची पट्टी, 76 मिलिमीटर लांब, 19 रुंद. चार स्क्रूंनी ठोकळ्यावर घट्ट बसवायची, एकाच बाजूने मारा करायचा, सोडवली की ती वाकते. किती वाकली ते गेजवर मोजायचं. मारा दुप्पट वेळ करूनही वाक दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नसेल, तर पहिला वेळ पुरेसा होता.

दादाच्या मॉडेलने हीच पट्टी आधी वाकवून दाखवायला हवी होती. रिपोर्टात पट्टीचा उल्लेखही नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "अगं, वर्कशॉपला जायला टायमिंग जमत नाही." सॉफ्टवेअर होस्टेलवर चालतं, मशीन तिथे नाही, एवढंच. पण उद्या त्याच्याच आकड्यावर कुणी स्प्रिंग पास केली तर?

इंग्रजी मी तपासून दिलं. 'सर्व गोळ्या गोल व समान धरल्या आहेत' ह्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, तरी त्याखाली लाल रेघ मारली. शनिवारी पप्पांची दुसरी पाळी आहे, दादा येतो म्हणालाय.