निवड कशावरून करावी?

बास्केटबॉलच्या क्रीडांगणावर एका संघाचे पाचच खेळाडू उतरतात. त्यामुळे उंच असे पाच जण निवडले की संघ सिद्ध झाला, असे पुष्कळांस वाटते. या खेळात उंचीचे महत्त्व आहे, हे खरेच. परंतु खेळाडूंची निवड आणि खेळाची पद्धती ही एकाच रथाची दोन चाके होत.

१९६६ साली अमेरिकेत टेक्सस वेस्टर्न व केंटकी या संघांत महाविद्यालयीन अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. केंटकीचे खेळाडू चपळ होते. हे जाणून टेक्सस वेस्टर्नचे मार्गदर्शक डॉन हॅस्किन्स यांनी एका उंच खेळाडूस आरंभी बाहेर ठेवले आणि अवघ्या साडेपाच फूट उंचीच्या विली वर्स्लीला खेळविले. चपळाईस चपळाईनेच उत्तर द्यावे, हा त्यांचा विचार होता.

केंटकीचा सारा संघ गौरवर्णीय होता. हॅस्किन्स यांनी आरंभी उतरविलेले पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते. अंतिम सामन्यात असे पूर्वी कधी घडले नव्हते. टेक्सस वेस्टर्नने ७२-६५ असा विजय मिळविला.

पराभव झाला असता, तरीही ती निवड योग्यच ठरली असती. कारण तिला आधार गुणांचा होता. वर्ण, कुळ वा ओळख पाहून जो संघ निवडतो, तो आपल्या संघाचे बळ स्वहस्ते घटवितो. शिवाय, अंगी गुण असूनही जो खेळाडू बाहेर बसतो, त्याच्यावर होणारा अन्याय कोणत्याही विजयाने भरून निघत नाही.